मिस्त्री माहेरचा, पैसे पुढे आणि काम मागे

वाचकाचं पत्र

नमस्कार. आम्ही यवतमाळ जिल्ह्यात, दिग्रस तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. जुनं मातीचं घर पाडून सहाशे चौरस फुटांचं पक्कं घर बांधायला काढलं. मिस्त्री माझा मावसभाऊ आहे, म्हणून लिहून काही घेतलं नाही. मजुरी तीनशे रुपये फुटाने, म्हणजे 1,80,000 ठरली, सेंट्रिंग, म्हणजे स्लॅब ओतायचा साचा आणि टेकू, त्यातच. माल आमचा. दिवाळीनंतर 30,000 रोख इसार दिला, मग त्याच्याच सांगण्यावरून 40,000 त्याच्या भाच्याच्या फोनपेवर टाकले. जोता झाला, भिंती कमरेएवढ्या आल्या आणि संक्रांतीपासून काम बंद आहे. फोन केला की म्हणतो, "उद्या येतो ना बाई." आता निरोप आला की आणखी 50,000 टाका, सेंट्रिंगचं सामान आणायचं आहे, नाहीतर मजूर येत नाहीत. हे म्हणतात देऊन टाक, पावसाच्या आत स्लॅब झाला पाहिजे. मामंजी म्हणतात पोलिसात रिपोर्ट दे. आई म्हणते, मावशीच्या घराशी वाईट होऊ नको. कापसाचा चुकारा आला आहे, पैसे घरातच आहेत. घरानंतर बोअरही मारायचा आहे, तिथेही असंच होईल का याची धास्ती वाटते. काय करू?

एक वाचक, दिग्रस तालुका

उत्तर

ताई, पन्नास हजार देऊ नका. आणि पोलिसातही जाऊ नका, निदान आत्ता तरी नाही. तुमच्या घरात दोन टोकांची दोन मतं आहेत, पण त्यांच्या मधला रस्ता अजून कोणी चालून पाहिलेला नाही. तो रस्ता मापाचा आहे.

किती काम झालं आणि किती पैसे गेले, हे कोणी कागदावर मांडलं का? तुमच्या पत्रावरून तरी नाही. मी ढोबळ मांडून पाहतो. पाया, जोता आणि कमरेएवढ्या भिंती म्हणजे मजुरीच्या हिशोबाने साधारण पाव काम. 1,80,000 चा पाव म्हणजे 45,000. त्याच्याकडे गेलेत 70,000. म्हणजे 25,000 रुपये कामाच्या पुढे धावून गेलेत. वरून पन्नास टाकले तर 1,20,000 जातील, दोन तृतीयांश मजुरी चुकती होईल, आणि घराला स्लॅब तर सोडाच, दारं-खिडक्यांवरचं लिंटेलही नसेल. तेव्हा उरलेल्या साठ हजारांसाठी स्लॅब, प्लास्टर आणि फरशी करायला कोण येईल? तुमचा भाऊ येणार नाही, आणि दुसरा मिस्त्री तर त्या पैशात मुळीच येणार नाही.

सेंट्रिंगचं कारण मला पटत नाही. सेंट्रिंग तुमच्या ठरलेल्या दरातच आहे. शिवाय प्लेटा, बल्ल्या, जॅक हे सामान बहुतेक मिस्त्री विकत घेत नाहीत, भाड्याने आणतात. त्याला खरंच अडचण असेल तर त्याच्यावर साधा तोडगा आहे: भाड्याने देणाऱ्याचं नाव सांग, भाडं मी थेट त्याला देते, पावती माझ्या नावाने, रक्कम तुझ्या मजुरीतून वजा. यावर तो हो म्हणाला तर अडचण खरी. "नाही, माझ्याच हातात द्या" म्हणाला तर पैसे दुसरीकडे जाणार आहेत एवढं समजा.

दुसरीकडे म्हणजे कुठे? इथे तुमच्या मावसभावाची बाजू थोडी घेतो. आपल्याकडे बांधकामाचा हंगाम छोटा. कापूस-सोयाबीनचे पैसे आल्यावर लोक घर काढतात आणि मृगाच्या आत सगळ्यांनाच छप्पर हवं असतं. मिस्त्री चार महिन्यांत जमतील तेवढी कामं धरतो. एका घरचा इसार घेऊन दुसऱ्या घरच्या मजुरांची खर्ची भागवतो, दुसऱ्याचा घेऊन तिसऱ्याची उधारी. याची टोपी त्याला. यात बुडवायचाच हेतू असतो असं नाही, पण फेऱ्यात जो शेवटी राहतो त्याचे पैसे बुडतात. शेवटी कोण राहतो? जो बोलत नाही, जो नात्यातला आहे, ज्याच्याकडे कागद नाही. ताई, तुम्ही या तिन्हींत बसता. त्याने तुमचं काम मागे टाकलं ते तुम्ही परक्या नाहीत म्हणूनच. परक्या घरमालकाने एव्हाना त्याच्या दारात चार माणसं आणून बसवली असती.

तेव्हा आता काय करायचं ते सांगतो.

आधी तुमचे चाळीस हजार पक्के करा, आजच्या आज. ते भाच्याच्या खात्यात गेलेत. उद्या मिस्त्री म्हणाला, "ते तर त्याने उसने घेतले होते, मला काय माहीत," तर तुमच्या हातात काय? व्हॉट्सअ‍ॅपवर भावाला साधा मेसेज टाका: "दादा, तुझ्या सांगण्यावरून मी घराच्या मजुरीचे 40,000 तुझ्या भाच्याच्या नंबरवर टाकले होते आणि 30,000 रोख दिले होते. एकूण 70,000 झाले. बरोबर ना?" भांडणाचा एक शब्द नको. तो "हो" म्हणेल, नाहीतर अंगठा पाठवेल, नाहीतर "येतो ना दोन दिवसांत" म्हणेल. यातलं काहीही तुमच्या उपयोगाचं आहे. तो मेसेज पुसू नका आणि फोनही बदलू नका. फोनपेवरच्या त्या व्यवहाराचा फोटो काढून ठेवा, त्यात यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा बँकेतला क्रमांक, दिसतो. बँकेत जाऊन पासबुक भरून आणा, म्हणजे तोच व्यवहार बँकेच्या छपाईतही येईल.

मग माप. गावातला मिस्त्री बोलावू नका, तो दुसऱ्या मिस्त्रीच्या विरोधात तोंड उघडणार नाही. दारव्हा, पुसद किंवा आर्णीकडचा, तुमच्या भावाशी देणंघेणं नसलेला अनुभवी मिस्त्री एका दिवसाची रोजी देऊन आणा. इंजिनिअर ओळखीचा असेल तर फारच छान. त्याला दोनच गोष्टी विचारायच्या: झालेलं काम मजुरीच्या किती टक्के, आणि उरलेल्या प्रत्येक टप्प्याला किती धरायचे. कामाचा दर्जाही बघायला सांगा. तुमच्याकडे भारी काळी माती असेल तर ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. पाया किती खोल गेला, मुरमापर्यंत गेला का, हे आत्ताच कळलेलं बरं. भिंतीचा ओळंबा बघा, कॉलमच्या सळया उघड्या राहून किती गंजल्यात तेही बघा. सगळं वहीत लिहून त्याची सही घ्या. मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा.

त्यानंतर बैठक. ती मावशीच्या घरी घ्या, तुमच्या घरी नको. मावशी, तुमची आई, भाऊ, आणि दोन्हीकडे ज्याचा शब्द चालतो असा एखादा मोठा माणूस. मामंजींना त्या दिवशी घरीच राहू द्या, त्यांचा राग बरोबर असला तरी तिथे उपयोगाचा नाही. आणि आईचं "वाईट होऊ नको" मनातून काढून टाका, कारण हिशोब न मांडता तुम्ही आतल्या आत कुढत राहिलात तर मावशीशी वाईट होणारच आहे, फक्त दोन वर्षांनी आणि कोणाच्या तरी लग्नात.

तिथे सुरुवात अशी करा: "दादा, पैसे तयार आहेत. एक रुपया बुडणार नाही तुझा. पण यापुढे जेवढं काम उभं राहील तेवढेच देईन, आणि काम झालं त्याच संध्याकाळी देईन." या वाक्यातला शेवटचा भाग महत्त्वाचा आहे. मिस्त्री लोकांचे पैसेही खूप घरमालक बुडवतात. स्लॅब झाल्यावर "पुढच्या कापसाला देतो" म्हणणारे आपल्याच गावात असतात, तुम्हालाही दोन नावं आठवतील. त्यामुळे मिस्त्री आधीच जास्त उचल घेऊन ठेवतो. त्याच संध्याकाळी पैसे मिळतात याची खात्री पटली की उचल मागायचं त्याचं अर्धं कारण संपतं.

आता पुढे गेलेले 25,000 कसे वळते करायचे? एकदम कापायला जाऊ नका. "पहिले तेवढं काम कर, मग बोल" असं म्हणालात तर त्याला दीड-दोन आठवडे बिनपैशाचं राबावं लागेल, मजुरांना खर्ची द्यायला त्याच्याकडे काही नसेल, आणि तो येणारच नाही. ते हळूहळू टप्प्याटप्प्याने वळते करा. माझा कच्चा हिशोब असा: भिंती स्लॅबच्या तळापर्यंत येण्याची मजुरी 35,000 धरली तर द्यायचे 25,000. स्लॅब टाकून सेंट्रिंग काढण्याचे 45,000 धरले तर द्यायचे 37,000. आतून-बाहेरून प्लास्टर 35,000 चं, द्यायचे 30,000. फरशी आणि बारीकसारीक कामं 20,000 ची, त्यातले 8,000 काम संपल्यावर आणि 10,000 पहिला जोराचा पाऊस होऊन गेल्यावर. बेरीज करून पाहा, आधीचे 70,000 धरून बरोबर 1,80,000 होतात. आकडे बाहेरच्या मिस्त्रीच्या मापाप्रमाणे बदला, पण शेवटचे दहा हजार पावसापर्यंत ठेवायचं सोडू नका. छत गळतंय का, खिडकीच्या वरून ओल येते का, हे आर्द्रा नक्षत्राशिवाय कोणी सांगू शकत नाही. भाऊ कुरकुर करेल. करू द्या. काम चांगलं असेल तर त्याचे पैसे जून-जुलैत पेरणीच्या खर्चाच्या वेळीच त्याच्या हातात पडतील.

मजुरांच्या खर्चीचं वेगळं बोला. बाजाराच्या दिवशी मजुरांना, रेजांना पैसे लागतातच. त्या आठवड्यात जेवढे दिवस काम झालं त्या हजेरीप्रमाणे खर्ची द्यायची, वहीत लिहायची आणि त्या टप्प्याच्या रकमेतून वजा करायची. काम झालं नाही त्या आठवड्याला खर्ची नाही. एवढी शिस्त पुष्कळ आहे.

हे सगळं लिहून काढा आणि सह्या करा. पाचशेच्या स्टॅम्पवर करता आलं तर उत्तम, नाहीतर साध्या कागदावर तरी. त्यात घराचं माप, दर, दरात काय काय येतं (सेंट्रिंग, मिक्सर मशीन, पाणी मारणं, कचरा उचलणं), आजपर्यंत पोचलेले पैसे, टप्पे, आणि स्लॅबची तारीख. तारीख शक्यतो मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यातली घ्या, कारण सेंट्रिंग स्लॅबखाली मोठ्या गाळ्याला दोन आठवडे तरी राहायला हवी आणि पाणी मारणंही उन्हाळ्यात निदान दहा दिवस चाललं पाहिजे. मेमध्ये तुमच्या विहिरीला किती पाणी असतं ते तुम्हालाच माहीत. टँकर लागणार असेल तर त्याचे पैसे कोणाचे, तेही लिहा. अशा किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींवरूनच काम अडतं.

स्लॅबच्या दिवसाबद्दल एक सांगून ठेवतो. सकाळी मिक्सर येऊन उभा, वीस-पंचवीस मजूर जमलेले, तुम्ही स्वयंपाकाच्या गडबडीत, आणि त्याच वेळी मिस्त्री हळूच येऊन म्हणतो, "दहा हजार द्या ना, डिझेलचं राहिलं." त्या क्षणी कोणीही देतं. कारण काम थांबलं तर भिजवलेला माल वाया जातो. म्हणून आदल्या संध्याकाळी सगळं बोलून घ्या: मिक्सरचे किती, मजुरांचे किती, कोण देणार. दुसऱ्या दिवशी जेवणात बुंदी करायची की मटण, एवढाच विषय उरला पाहिजे.

माल तुमचा आहे हे फार चांगलं झालं. तसंच ठेवा. मालाचे पैसे दुकानात, मजुरीचे पैसे मिस्त्रीला, या दोन गोष्टी एका हातात जाऊ देऊ नका. मिस्त्री म्हणेल अमक्याच दुकानातून घ्या. तिथे त्याचं कमिशन असू शकतं, असेना का. पण दोन दुकानांतले भाव विचारून मग ठरवा, आणि बिल पक्कं घ्या, जीएसटी नंबर असलेलं. महाराष्ट्रातल्या दुकानाचा नंबर 27 ने सुरू होतो. कोऱ्या चिठोऱ्यावरच्या हिशोबाला उद्या कोणी विचारत नाही.

लोखंडात लोक फार फसतात. नग मोजून घेतात आणि बिल किलोवर देतात. सळईची पूर्ण लांबी 12 मीटर असते. 12 मिमीची एक सळई साधारण 10.6 किलो भरली पाहिजे, 8 मिमीची 4.7 किलो. शंभर-दोनशे ग्रॅम इकडेतिकडे चालतं, पण 12 मिमीची सळई साडेनऊ भरत असेल तर ती मुळातच बारीक आहे. गाडी धर्मकाट्यावरून आणायला सांगा, भरलेली आणि रिकामी अशी दोन्ही वजनांची पावती घ्या. सिमेंटच्या थैलीवर आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं, तीन महिन्यांहून जुनं घेऊ नका. आणि रिकाम्या थैल्या मोजून घरात ठेवा. पन्नास आल्या तर पन्नास रिकाम्या दिसल्या पाहिजेत. एखाद-दोन थैल्या मिस्त्रीच्या दुसऱ्या कामावर "उसन्या" जातात आणि परत येत नाहीत, हे बांधकाम केलेल्या कोणालाही विचारा.

रेती पैनगंगेची असो की अरुणावतीची, मोजायची ब्रासमध्ये. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. ट्रॉली रिकामी व्हायच्या आधी आतली लांबी, रुंदी आणि रेतीची उंची फुटांत मोजा, गुणा, शंभराने भागा. मधे टेकडी आणि कडेला खड्डा असेल तर फावड्याने सारखी करून मग मोजा. ट्रॅक्टरवाला हसेल. मोजू दिल्याशिवाय चुकारा करू नका. वाहतुकीचा पास मागा. रात्री-बेरात्री बिनपासाची रेती उतरली तर कमी भरल्याची तक्रार तुम्ही कोणाकडे करणार?

आता पैसे द्यायचे कसे, रोख की फोनपे? दोन्हीत फसता येतं आणि दोन्हीत सांभाळताही येतं. फोनपेवर द्यायचे तर फक्त मिस्त्रीच्या स्वतःच्या नंबरवर. आधी एक रुपया टाकून बँकेतलं नाव कोणतं दिसतं ते बघा, मग मोठी रक्कम. मेसेजच्या जागी "घर, भिंतीचा टप्पा" असं लिहा. भाचा, बायको, साडू कोणाचंही खातं नको, भले तो म्हणो की "माझं खातं बंद पडलं." बंद असेल तर रोख घे आणि वहीत सही कर. रोख देताना एक जाडसर वही ठेवा. तारीख, रक्कम, कशाबद्दल, सही किंवा अंगठा, आणि बाजूला बसलेल्या एकाची सही. पाच हजारांच्या वर पावती असेल तर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावर सही घ्यायची पद्धत आहे, तिकीट पोस्टात मिळतं. ही वही मिस्त्रीच्या ताब्यात एक रात्रही जाऊ देऊ नका.

आणि हे घरातल्या सगळ्यांना, मुलांनासुद्धा सांगा: पैसे मिळवायला पिन लागत नाही. "सिमेंट अर्ध्या भावात, बुकिंगचे पाच हजार टाका" असं फोनवर दाखवणारा, किंवा "तुमचा जादाचा हप्ता परत करतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका" म्हणणारा, चोर समजायचा. त्यात पैसे गेलेच तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, त्याच तासात. दुसऱ्या दिवशी उशीर झालेला असतो. तुमच्या भावाच्या बाबतीत मात्र 1930 चा काही उपयोग नाही, तिथे माणूस ओळखीचा आहे आणि पैसे तुम्ही स्वतः दिलेत.

मामंजींच्या पोलिसांकडे आता येऊ. 1 जुलै 2024 पासून जुन्या 420 च्या जागी भारतीय न्याय संहितेचं 318 कलम आहे. फसवणूक सिद्ध व्हायला मुळातच फसवायचा हेतू होता हे दाखवावं लागतं. तुमच्या भावाने जोता बांधला, भिंती उभ्या केल्या. ठाणेदार म्हणेल, हे दिवाणी प्रकरण आहे, आणि ते फारसं चूक नसेल. तिथे हात हलवत परत आलात तर भावाची भीडही चेपेल. इसार घेऊन फरार झालेला, एक वीटही न लावलेला, दहा घरी तेच केलेला ठेकेदार असता तर मीच तुम्हाला आधी पोलिसात पाठवलं असतं.

बैठकीतून काही निघालं नाही तर गावातली तंटामुक्त समिती बघा. 2007 पासून ही मोहीम चालू आहे. काही गावांत समिती नावालाच उरली आहे, काही ठिकाणी अजून खरंच काम करते. तुमच्या गावातली कशी आहे ते तुम्हाला ठाऊक. त्यापुढे तालुका विधी सेवा समिती, तालुक्याच्या कोर्टातच असते. बाईमाणसाला उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा कायद्याने हक्क आहे. हे फार बायकांना माहीत नसतं. 15100 वर फोन करून विचारता येतं. तिथून नोटीस गेली की पुष्कळ मिस्त्री बोलायला येतात.

आणि ग्राहक आयोग. ठेक्याने घर बांधून देणं ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवा आहे, त्यामुळे यवतमाळच्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि मुदत दोन वर्षांची. आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा. फक्त लक्षात घ्या, तुमच्या देखरेखीखाली रोजीने ठेवलेल्या मजुराबद्दल तिथे जाता येत नाही, ठेका असावा लागतो. तुमचा ठेका आहे, पण तो दाखवायला कागद नाही. म्हणूनच तो मेसेज आणि बैठकीतली सही हवी आहे.

तुमच्या पत्रात घरकुलाचा उल्लेख नाही, पण हे वाचणाऱ्या पुष्कळांना ते मिळालेलं असेल म्हणून लिहितो. प्रधानमंत्री आवास योजनेचे सपाट भागातले 1,20,000 हप्त्याहप्त्याने थेट लाभार्थ्याच्या खात्यात येतात. "सगळं मी बघतो, पासबुक माझ्याकडे द्या" म्हणणारा ठेकेदार गावोगाव भेटतो. पासबुक, एटीएम कार्ड, सही केलेली पैसे काढायची स्लिप, यातलं काही देऊ नका. अंगठ्याच्या मशीनवर बोट ठेवायला नेत असेल तर किती रक्कम निघाली ते पावतीवर बघितल्याशिवाय तिथून हलू नका.

आता बोअर. तिथे धास्ती असू द्या, पण वेगळी. घराचं काम महिने चालतं, बोअर एका रात्रीत होतो, आणि गाडी गावाबाहेर गेली की ती कदाचित तामिळनाडूत तिरुचेंगोडला परत जात असेल, सापडणार नाही. दर फुटाने असतो, म्हणून फसवणूक फुटांतच होते. एक रॉड खाली जमिनीवर असतानाच त्याची लांबी टेपने मोजा आणि घरातला एक माणूस झोप न काढता रॉड मोजायला बसवा. प्रत्येक रॉडला वहीत एक रेघ. केसिंग पाइप, म्हणजे वरची माती ढासळू नये म्हणून घालतात तो, किती फूट गेला तो वेगळा लिहा, कारण त्याचा दर वेगळा असतो. खोलीनुसार दर वाढतो का, पाणी लागलं नाही तर किती, मुरूम ढासळला तर किती, हे गाडी सुरू व्हायच्या आधी एजंटकडून नाही, गाडीच्या मालकाकडून किंवा मॅनेजरकडून लिहून घ्या. काम संपल्यावर दोरीला दगड बांधून आत सोडा, तळ लागला की दोरी मोजा. मगच पैसे, आणि बिलावर खोली लिहून घ्यायला विसरू नका. इसार एजंटला द्यायचाच असेल तर हजार-दोन हजार, त्यापेक्षा जास्त नाही. पाण्याची हमी देणाऱ्याला मात्र एक रुपयाही देऊ नका. खडकाखालच्या पाण्याची हमी कोणाच्याच हातात नसते.

पण बोअरच्या आधी घर. व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज आज, बाहेरचा मिस्त्री या आठवड्यात, आणि बैठक पुढच्या बाजाराच्या आधी, म्हणजे तडजोड झालीच तर पहिली खर्ची त्याच बाजारी देता येईल. भावाने कागदावर सही करायला नकार दिला तर उरलेल्या कामासाठी दुसऱ्या मिस्त्रीचा दर विचारायला लागा. मार्च संपेपर्यंत वेळ आहे, एप्रिलमध्ये सगळेच मिस्त्री गुंतलेले असतील. पंचवीस हजारांसाठी मग तालुक्याच्या विधी सेवा समितीत जा, मापाची सही केलेली वही आणि पासबुक सोबत घेऊन.